गोपनीय शिक्का कुठे मारायचा?

गेल्या वर्षी सुरतेला, नवागामात जाऊन आलो. भाचीचं डोहाळजेवण होतं. दिंडोलीला लागून असलेली ही वस्ती. इथे आपण गुजरातेत आहोत हे दुकानांच्या पाट्या वाचल्यावरच कळतं. मागावर काम करायला खानदेशातून आलेली माणसं, कानावर अहिराणी, पालिकेच्या शाळाही मराठी.

जेवणं झाल्यावर भाचीनं हळूच ममता कार्ड माझ्यापुढे ठेवलं. सरकारी कागद दिसला की आमच्याकडे तो मलाच वाचायला देतात, मग तो गुजरातीत का असेना! त्यावर कुठेतरी "पॉझिटिव्ह" लिहिलेलं बघून ती दोन रात्री झोपली नव्हती. तो तिचा रक्तगट होता. बाकी एचआयव्ही, कावीळ ब, सगळं ठीक. "पण मामा, मला साधं पडसंसुद्धा नाही. मग एवढं रक्त कशाला काढलं?"

प्रश्न रास्त होता. याच सुरतेत 1994 च्या सप्टेंबरात प्लेगच्या भीतीनं लाखो माणसं गाड्या भरभरून पळाली. तो आजार डोळ्यांना दिसत होता. पण हे विषाणू बाईला काही जाणवू न देता रक्तात राहतात आणि बाळापर्यंत पोचतात. कावीळ ब जन्माच्या वेळी बाळाला लागली, तर शंभरातल्या सुमारे नव्वद बाळांत ती कायमची मुक्काम करते. आईची चाचणी वेळेत झाली, तर जन्मल्यावर चोवीस तासांत लस आणि तयार प्रतिपिंडांचं इंजेक्शन देऊन बाळाला बहुतेक वाचवता येतं. एचआयव्हीचंही तसंच. औषध नसेल तर शंभरातल्या पंधरा ते पंचेचाळीस बाळांना लागण होते, औषध मिळालं तर पाचाहून कमी. धडधाकट बाईनं हात पुढे करण्यावर हे सगळं उभं आहे.

आणि हात पुढे करणाऱ्याचं काय होतं, हे आम्हा गोंयकारांना वेगळं सांगायला नको. 1989 साली पर्रा गावच्या डॉमनिक डिसोझाला काहीही होत नव्हतं. तो नेमानं रक्तदान करायचा, त्यातूनच एचआयव्ही सापडला. पोलिसांनी त्याला नेलं आणि वापरात नसलेल्या क्षयरोग रुग्णालयात 64 दिवस कोंडून ठेवलं. आमच्या सार्वजनिक आरोग्य कायद्यात तशी तरतूदच होती. त्याची आई ल्युसी डिसोझा उच्च न्यायालयात गेली. न्यायालयानं अलगीकरणाची तरतूद उचलून धरली. 1992 मध्ये तो वारला, पण त्याआधी 'पॉझिटिव्ह पीपल' ही संस्था उभी करून गेला. म्हापशाच्या वाटेनं जाताना मला अजूनही त्याची आठवण येते.

गुजरातेत नेमकं उलटं झालं. अहमदाबादच्या बी. जे. मेडिकल कॉलेजात नोव्हेंबर 2016 मध्ये 34 वर्षांची एक बाई बाळंत झाली. गरोदरपणात ताप नाही, बाळ चांगलं. बाळंतपणानंतर किरकोळ ताप आला म्हणून रक्त तपासलं, तर झिका! पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू संस्थेनंही ते पक्कं केलं. मग जानेवारी 2017 मध्ये गरोदर बायकांचे 111 नमुने तपासले. त्यांत सदतिसाव्या आठवड्यातल्या बावीस वर्षांच्या एका मुलीच्या रक्तात तोच विषाणू निघाला. झिकाची लागण झालेल्या पाचांतल्या चौघांना काहीच होत नाही, त्यामुळे शोधल्याशिवाय तो सापडायचा नाही. शोधलं ते उत्तमच केलं. पण मार्चमध्ये लोकसभेतल्या एका लेखी उत्तरात एका रुग्णाचा उल्लेख येऊन गेला, तेवढंच. लोकांना खरं कळलं ते मेअखेर, जागतिक आरोग्य संघटनेनं छापल्यावर. घबराट नको म्हणून सांगितलं नाही, असा खुलासा झाला. त्या चार-पाच महिन्यांत बापूनगर भागात ज्यांना दिवस गेले असतील, त्यांनी मच्छरदाणी तरी लावली असती की!

वीसेक वर्षं फायली हाताळतो आहे, तेव्हा "गोपनीय" हा शिक्का माझ्या ओळखीचा. आमच्या गोव्यात तो डॉमनिकच्या नावावर मारायला हवा होता, तिथे मारला नाही. अहमदाबादेत बाईचं नाव झाकून आजार उघड करायचा होता, तिथे आजारच झाकला. योगायोग असा की त्याच 2017 सालच्या एप्रिलमध्ये एचआयव्हीचा कायदा झाला. समजावून सांगून संमती घेतल्याशिवाय चाचणी नाही, आणि नाव फोडायचं नाही. तो अमलात आला सप्टेंबर 2018 मध्ये. झिकासाठी असं काही नाही.

हे सगळं भाचीला सांगत बसलो नाही. एवढंच विचारलं, रक्त काढताना ते कशासाठी काढतात ते कोणी सांगितलं होतं का?

"रांग केवढी मोठी होती, मामा," ती म्हणाली आणि कार्ड परत कपाटात ठेवायला उठली.