सह्याद्री, माहेर आणि गाव

‘महाराष्ट्र’ हे नाव प्राचीन आहे. चालुक्य सम्राट दुसरा पुलकेशी याच्या इ. स. ६३४ च्या ऐहोळे शिलालेखात तीन ‘महाराष्ट्रकां’चा आणि त्यांतील ९९,००० गावांचा उल्लेख येतो. राजप्रशस्तीतील या भारदस्त नावाच्या जोडीला लोकांनी आपल्या भूमीला जिव्हाळ्याचीही नावे दिली. कोकणातील माणूस घाटमाथ्यापलीकडच्या मुलखाला ‘देश’ म्हणतो; शेतकरी जमिनीला ‘काळी आई’ म्हणतो.

वारकरी संतांनी पंढरपूरला ‘माहेर’ म्हटले. संत एकनाथांसारख्या पुरुषानेही सासुरवाशिणीचा हा शब्द आपलासा केला. जी घर सोडून गेली, तिलाच माहेर असते. जिव्हाळ्याच्या नावांमागे बहुधा असे अंतर असते, हे दिल्लीकर मराठी माणसाला वेगळे सांगावयास नको.

अशी नावे कधी सत्यावर पांघरूणही घालतात. काळ्या, कसदार जमिनीच्या आणि कापसाच्या समृद्धीमुळे ‘वऱ्हाड, सोन्याची कुऱ्हाड’ ही म्हण रूढ झाली. पुढे त्याच वऱ्हाडातील कापूस उत्पादक शेतकऱ्यांच्या आत्महत्यांनी देश हळहळला; म्हण मात्र तशीच राहिली.

महाराष्ट्राच्या एका लाडक्या नावाचा दिल्लीशी निकटचा संबंध आहे. मुंबईच्या प्रश्नावरून चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला, तेव्हा महाराष्ट्र आणि दिल्ली यांच्यात कटुता होती. १ मे १९६० रोजी मराठी भाषकांचे राज्य स्थापन झाले. नोव्हेंबर १९६२ मध्ये, चिनी आक्रमणाच्या संकटकाळी, यशवंतराव चव्हाण संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीस आले आणि ‘हिमालयाच्या मदतीला सह्याद्री धावून गेला’ हे उद्गार घरोघरी पोहोचले. एका पर्वताच्या नावात सारे राज्य सामावले. सहा वर्षांपूर्वीचा दुरावा मागे टाकून मराठी माणूस राजधानीत हक्काने व अभिमानाने उभा राहिला, तो या नावाच्या आधाराने.

आपल्या शाळेत शिकलेल्या अनेकांच्या घरी आजही ‘गावाला जाणे’ म्हणजे महाराष्ट्रात जाणे. आजोबांच्या दृष्टीने त्या शब्दात नदी, वेस, ग्रामदैवत आणि चार नातलगांची घरे असतात. नातवाच्या दृष्टीने तो सुट्टीतील आठ दिवसांचा मुक्काम असतो. त्याचे खेळ, सवंगडी आणि रोजची वाट दिल्लीतच असते. त्याच्यासाठी ‘गाव’ हा शब्द पोकळ होऊ द्यावयाचा नसेल, तर तेथील माणसे, बोली आणि इतिहास त्याच्या ओळखीचे व्हावयास हवेत. हे काम घराने करावे आणि मराठी शाळेने त्यास हातभार लावावा.

दिल्लीलाही जिव्हाळ्याचे मराठी नाव देण्याची वेळ आता आली आहे. ते नाव कोणते असावे, हे येथेच जन्मलेल्या आपल्या मुलांनी ठरवावे. मात्र ते त्यांना मराठीत सुचावे, एवढीच हीरक महोत्सवी वर्षातील अपेक्षा.