तेरा अंशांचं पाणी

उत्तर कॅलिफोर्नियातल्या शास्ता या हिमाच्छादित ज्वालामुखीच्या पोटातून झिरपणारं पाणी मॅक्लाउड नदीला भर उन्हाळ्यातही गार ठेवतं. चिनूक सॅमनच्या एका वाणाचं सगळं आयुष्य या गारव्यावर बेतलेलं आहे. बहुतेक सॅमन शरदात अंडी घालतात. हा मात्र हिवाळ्यात समुद्रातून नदीत शिरतो, महिनोन्‌महिने थांबतो आणि खालचं खोरं उन्हानं भाजत असताना, मे ते ऑगस्टमध्ये, अंडी घालतो. म्हणून त्याला ‘विंटर-रन’ म्हणतात. जगात तो फक्त सॅक्रामेंटो खोऱ्यात आहे.

मॅक्लाउडच्या काठी १८७२ साली लिव्हिंगस्टन स्टोन यांनी सॅमनची अंडी गोळा करण्याचं सरकारी केंद्र काढलं. तिथल्या विनेमेम विंटू लोकांनीच त्याला हात दिला. या खोऱ्यातली अंडी पुढे जहाजानं पार न्यूझीलंडपर्यंत गेली आणि तिथल्या नद्यांत रुजली. मॅक्लाउडचं पाणी ज्या सॅक्रामेंटो नदीत जातं तिच्यावर मात्र १९३८ ते १९४५ या काळात ६०२ फूट उंचीचं शास्ता धरण उभं राहिलं. साठा सुमारे १९८ टीएमसी, म्हणजे आपल्या कोयनेच्या जवळजवळ दुप्पट. माशांना वर जायला वाट ठेवली नाही. स्टोनचं केंद्र बुडालं, विनेमेमांची गावं बुडाली.

मी कृष्णा खोऱ्यात सरितामापन केंद्रावर नोकरी केली. पट्टी वाचायची, करंट मीटरनं वेग मोजायचा, विसर्ग काढून वर कळवायचा. माझ्या रजिस्टरात पातळी, वेग, विसर्ग, पाऊस यांचे रकाने होते. पाण्याच्या तापमानाचा नव्हता, आणि तो असावा असं कुणी म्हटलंही नाही. मुलगी सॅक्रामेंटोला स्थायिक झाली तेव्हापासून मी तिथल्या नदीचे आकडे वाचत आलो आहे. त्या एका रकान्यावर एका प्राण्याचं असणं-नसणं ठरतं, हे मला इथे कळलं.

धरणानंतरही विंटर-रन टिकला, तो योगायोगानं. जलाशयाच्या खोल थरातलं गार पाणी खाली सुटत होतं, त्यामुळे धरणाखालच्या पात्रातच त्याला उन्हाळ्यात अंडी घालता आली. १९६९ मध्ये लाखाहून जास्त मासे परतले. पण गार पाण्याचा हा साठा बेताचा असतो. १९७६-७७ च्या दुष्काळात धरणातली पातळी खाली गेली, सुटणारं पाणी कोमट झालं. १९९१ मध्ये परतलेले मासे दोनशेच्या आसपास उरले. १९९४ पर्यंत तो संघराज्याच्या यादीत ‘संकटग्रस्त’ ठरला होता.

१९९० मध्ये राज्याच्या जलमंडळानं पाणीहक्काच्या आदेशातच तापमान घातलं: दिवसाची सरासरी ५६ अंश फॅरनहाइट, म्हणजे सुमारे १३.३ सेल्सिअस. हे मला फार मोठं पाऊल वाटतं. किती पाणी सोडायचं हे आपण सगळेच ठरवतो. कसलं पाणी सोडायचं हे इथे कायद्यानं ठरलं. अडचण अशी की वीजगृहाची तोंडं ठरावीक उंचीवर. गार पाणी हवं तर तळाच्या दारांतून सोडायचं आणि तेवढी वीज बुडवायची. १९९७ मध्ये धरणाच्या पाण्याकडच्या अंगाला पोलादी दारांचा प्रचंड सांगाडा बसवला. खर्च सुमारे आठ कोटी डॉलर. आता हव्या त्या थरातलं पाणी टर्बाइनला देता येऊ लागलं.

तरीही २०१४ आणि २०१५ च्या दुष्काळात ९५ टक्क्यांच्या आसपास अंडी-पिलं गेली. हंगाम संपण्याआधी गार पाणी संपलं होतं. २०१५ च्या वसंतात तर जलाशयातला तापमापकच चुकीचं वाचत असल्याचं उघड झालं; पाणी वाटलं होतं त्याहून उबदार होतं. मोजणारा म्हणून ही बातमी मला आजही बोचते. आकडा चुकला की त्यावर बेतलेलं सगळं नियोजन चुकतं.

संशोधकांनी मग मुळाशी हात घातला. प्रयोगशाळेत जे तापमान अंड्यांना मानवत होतं, तेच नदीत मारक ठरत होतं. कारण प्रवाह. अंडी गोट्यांखाली दडलेली असतात. त्यांना प्राणवायू पोचतो तो गोट्यांमधून सरकणाऱ्या पाण्यातूनच. पाणी उबदार झालं की अंड्याची प्राणवायूची गरज वाढते. संथ पाणी ती भागवू शकत नाही. नदीतली सुरक्षित मर्यादा १२ अंशांच्या आसपास निघाली. म्हणजे वेग आणि तापमान हे वेगळे रकाने नव्हेतच, एकाच गणिताच्या त्या दोन बाजू आहेत.

२०२२ मध्ये विनेमेम विंटू आणि सरकारी खात्यांनी मिळून विंटर-रनची अंडी मॅक्लाउडच्या काठी परत नेली आणि तिथल्याच पाण्यात उबवली. धरण झाल्यापासून हे पहिल्यांदाच घडलं. माझ्या मते हाच खरा उपाय. धरणाखाली दारं उघडझाप करून मासा तगवता येतो, वाढवता येत नाही. त्याला त्याच्या गार पाण्यापर्यंत पोचवावंच लागतं.

आपल्याकडे महाडजवळ काळ नदीच्या वाळण कोंडीत गावकऱ्यांनी देवीचे मासे म्हणून महसीर राखले आहेत. त्यांना किती गार, किती वाहतं पाणी लागतं हे सांगायला आपल्याजवळ आकडे हवेत, आणि ते आधीपासून जमवलेले हवेत. जलसंपदा खात्यात आज काम करणाऱ्यांना माझी विनंती आहे: पट्टी वाचायला जाल तेव्हा पाण्यात तापमापकही बुडवा आणि तो आकडा रोज लिहा.