दोन बोटांचा शेरा

देसाईगंज पोलीस ठाण्यातले २६ मार्च १९७२ च्या रात्रीचे प्रकरण कायद्याच्या विद्यार्थ्यांना पाठ असते. तक्रार करणारी मुलगी आदिवासी होती, वय १४ ते १६; आरोपी ठाण्यातलेच दोन पोलीस. पुस्तकांत हे प्रकरण तिच्या नावाने ओळखले जाते. मी ते नाव येथे घेत नाही. कारण पुढे येईल.

या प्रकरणावर संमतीच्या अंगाने पुष्कळ लिहिले गेले. वैद्यकीय अहवालाकडे मात्र फारसे कुणी थांबून पाहत नाही. दुसऱ्या दिवशी रात्री ८ वाजता तिची तपासणी झाली. अंगावर जखम नाही, योनिपटल पूर्वीच फाटलेले, दोन बोटे सहज जातात, असे नोंदले गेले. तिच्या कपड्यांवर आणि एका आरोपीच्या पायजम्यावर वीर्याचे डाग सापडले होते. तरी १ जून १९७४ रोजी सत्र न्यायालयाने दोघांना सोडले. मुलीला संबंधांची सवय आहे, हे त्या निकालातले एक कारण. नागपूर खंडपीठाने १९७६ मध्ये, असहायपणे गप्प राहणे म्हणजे संमती नव्हे, असे म्हणून एकाला ५ वर्षांची आणि दुसऱ्याला १ वर्षाची शिक्षा दिली. १५ सप्टेंबर १९७८ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ती रद्द केली. अंगावर जखम नाही, हा मुद्दा तेथे पुन्हा निर्णायक ठरला.

पुढच्या वर्षी उपेंद्र बक्षी, लतिका सरकार, रघुनाथ केळकर आणि वसुधा धागमवार या चार कायदेपंडितांनी सरन्यायाधीशांना खुले पत्र लिहिले. मोर्चे निघाले, विधी आयोगाचा अहवाल आला आणि १९८३ मध्ये कायदा बदलला. कोठडीत संबंध सिद्ध झाला आणि स्त्रीने संमती नव्हती असे सांगितले, तर संमती नव्हती असेच न्यायालयाने धरायचे, हे पुरावा कायद्याचे कलम ११४-अ. पीडितेची ओळख छापणे हाही त्याच वर्षी गुन्हा ठरला. पण तोवर या मुलीचे नाव निकालपत्रांतून देशभर गेले होते.

आपल्या चळवळींचे इतिहास येथून थेट २०१३ वर उडी मारतात. मला ती उडी खटकते. या ३० वर्षांत दवाखान्यातले टेबल तसेच राहिले होते. योनीचा सैलपणा कितीतरी कारणांनी कमी-जास्त असतो, त्यावरून काल रात्री काय घडले हे कळत नाही, आणि संमतीचा तर त्याच्याशी संबंधच नाही. तरी दोन बोटांचा शेरा अहवालात पडत राहिला. फिर्यादी स्त्रीच्या चारित्र्यावर बोट ठेवू देणारे पुरावा कायद्याचे कलम १५५(४) २००३ मध्ये गेले. पण जे वकिलाला समोरून विचारता येईना, ते डॉक्टरांच्या कागदातून मागच्या दाराने न्यायालयात येत राहिले.

हे दार पहिल्यांदा जोरात ठोठावले गेले ते विदर्भातच. शेगावहून रेल्वेने अकोला, बडनेरा ओलांडले की वर्धा, आणि तिथून जवळच सेवाग्राम. तेथील महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेच्या न्यायवैद्यक विभागातील डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी अशा तपासण्यांचा दर्जा किती निकृष्ट आहे, याचा सविस्तर अहवाल तयार केला. त्या आधारे २०१० मध्ये डॉ. रंजना पारधी यांनी नागपूर खंडपीठात जनहित याचिका दाखल केली. आमच्या बुलढाण्यापासून गडचिरोलीपर्यंतचे दावे याच खंडपीठात जातात. १९७६ चा तो निकालही येथलाच. मुंबईत ‘सेहत’ ही संस्था २००८ पासून महापालिका रुग्णालयांत वेगळी पद्धत राबवीतच होती. २०१३ मध्ये राज्याने तपासणीचा नवा नमुना काढला, २०१४ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वे आली. दिल्लीच्या घटनेनंतरचा क्षोभ यामागे होता, हे खरे. पण कागद नागपुरात आधीच दाखल झालेला होता.

तरीही ३१ ऑक्टोबर २०२२ रोजी सर्वोच्च न्यायालयाला पुन्हा सांगावे लागले, की ही चाचणी करणारा गैरवर्तनाचा दोषी ठरेल. देसाईगंजच्या अहवालाला तेव्हा ५० वर्षे झाली होती.

आज नियम असा आहे: रुग्णालय सरकारी असो वा खासगी, अत्याचारित व्यक्तीवर ताबडतोब आणि मोफत उपचार झालेच पाहिजेत. त्यासाठी आधी पोलिसांत तक्रार दिलेली असण्याची अट नाही. केंद्राच्या नमुन्यात उपचाराची संमती, तपासणीची संमती आणि नमुने घेण्याची संमती वेगवेगळी नोंदवायची असते; तपासणीला नकार दिला, तरी उपचार नाकारता येत नाहीत.