रामभाऊ म्हाळगी आणि आमदाराचा हिशेब

(देवगाव फाटा येथील व्याख्यानाचे शब्दांकन)



आपल्या फाट्यावरून एक रस्ता जिंतूरला जातो, एक सेलूला आणि एक मंठ्यावरून जालन्याला. निवडणुकीत सगळ्याच पक्षांच्या गाड्या इथं थांबतात. पण निवडणूक झाल्यावर कुणी विचारलं, की आपल्या आमदारानं वर्षभरात सभागृहात काय केलं, तर आपल्याकडं उत्तर नसतं. 'रस्ता झाला' किंवा 'रस्ता नाही झाला', एवढंच आपण सांगतो. म्हणून आज आम्ही रामभाऊ म्हाळगींचा विषय घेतला आहे.

रामचंद्र काशिनाथ म्हाळगी यांचा जन्म १९२१ चा, पुणे जिल्ह्यातल्या कडूसचा. तरुणपणी ते संघाचे प्रचारक झाले, पुढं जनसंघात आले. जनसंघाची स्थापना १९५१ ची. या पक्षाला आपण 'उजवा' म्हणतो. शब्द आपला असला तरी कल्पना बाहेरची. फ्रान्सच्या राज्यक्रांतीत राजाची बाजू घेणारे अध्यक्षांच्या उजव्या हाताला बसत, तिथून ती आली. नॉर्वेत तर १८८४ साली स्थापन झालेल्या जुन्या पुराणमतवादी पक्षाचं नावच 'हॉयरे', म्हणजे 'उजवा'. आपल्याकडं अशी पाटी लावून कुणी मतं मागत नाही. जनसंघाचा उजवेपणा दोन गोष्टींतून दिसायचा, हिंदुत्वाचा विचार आणि सहकारी शेतीला विरोध. हा विचार न पटणारी माणसं तेव्हाही पुष्कळ होती, आजही आहेत, या मंडपातही असतील. त्यांनीही पुढचं ऐकावं.

१९५७ साली म्हाळगी मावळमधून आमदार झाले. ही निवडणूक परभणीकरांसाठीही नवी होती, बरं का. १९५२ ला आपण मत दिलं ते हैदराबादच्या विधानसभेसाठी. १ नोव्हेंबर १९५६ ला मराठवाडा द्विभाषिक मुंबई राज्यात आला, आणि मावळचा आमदार व परभणीचे आमदार पहिल्यांदा एका सभागृहात बसले.

आता बघा, विरोधी बाकावरच्या, छोट्या पक्षाच्या आमदाराच्या हातात असतं काय? सही करून तो रस्ता मंजूर करू शकत नाही. त्याच्याकडं असतो प्रश्न. तारांकित प्रश्न विचारला, की मंत्र्याला उभं राहून उत्तर द्यावं लागतं, त्यावर उपप्रश्न येतात. अतारांकित प्रश्नाला लेखी उत्तर मिळतं. शिवाय लक्षवेधी सूचना आहे, अर्थसंकल्पावर कपात सूचना आहे. पण हे सगळं सभागृहात, गावापासून लांब. गावातल्या मतदाराला त्याचा पत्ता नाही.

म्हाळगींनी ही अडचण ओळखली. वर्षभरात काय काम केलं, याचा वार्षिक अहवाल छापून ते मतदारांपुढं ठेवू लागले. दिसायला साधी गोष्ट, पण छापलेला कागद म्हणजे मतदाराच्या हातात दिलेला पुरावा. भाषणात बोललेलं विसरता येतं, छापलेलं नाकारता येत नाही. जो प्रश्न विचारलाच नाही तो अहवालात येणार नाही, आणि तो आला नाही हे गावाला कळणार.

१९६२ ते १९६७ ते सभागृहाबाहेर होते. पुढं १९६७ आणि १९७२ ला पुण्याच्या शुक्रवार पेठेतून निवडून आले. १९७५ ला आणीबाणी आली आणि या आमदाराला येरवड्याच्या तुरुंगात टाकलं. १९७७ ला ते ठाण्यातून जनता पक्षाचे खासदार झाले. १९८० ची निवडणूक खरी कसोटीची होती. इंदिरा काँग्रेसला देशात ३५३ जागा मिळाल्या, जनता पक्ष ३१ वर आला. त्या लाटेत म्हाळगी ठाण्यातून पुन्हा निवडून आले. ते अहवालामुळंच आले असं आम्ही म्हणणार नाही. पक्षाची बांधणी, शहरातला मतदार, अशी कारणं असतातच. पण वर्षानुवर्षं हिशेब देणाऱ्या माणसाची ओळख लाटेत वाहून जात नाही, एवढं नक्की. ६ मार्च १९८२ ला ते गेले. त्याच वर्षी त्यांच्या नावानं प्रबोधिनी स्थापन झाली; आज तिचं संकुल भाईंदरजवळ उत्तनला आहे. लोकप्रतिनिधींना कामाचं शिक्षण देणं हा तिचा एक उद्योग.

आता कुणी म्हणेल, अहवाल तर आज सगळेच काढतात. खरं आहे. गुळगुळीत कागद, पानोपानी फोटो, आणि कुठं किती लाखांचा सभामंडप दिला त्याची यादी. इथं एक फरक लक्षात घ्या. खासदार निधी सुरू झाला डिसेंबर १९९३ मध्ये. खासदार म्हाळगींकडं तो नव्हताच, त्यामुळं वाटलेल्या पैशांची यादी त्यांना देताच आली नसती. सांगायला होतं ते सभागृहातलं काम. निधी आला आणि आपणही प्रतिनिधीला ठेकेदारासारखं मोजायला लागलो. कायदा करताना तो कुठं होता, हे विचारायचं राहून गेलं. यात दोष एकट्या पुढाऱ्याचा नाही, आपलाही आहे.

कापूस, सोयाबीन, पीकविमा, दुष्काळ, या आपल्या गोष्टी सभामंडपानं सुटत नाहीत. त्यांचे निर्णय सभागृहात होतात. म्हणून पुढच्या वेळी फाट्यावर गाडी थांबली, मग झेंडा कुठलाही असो, तर चहा पाजा आणि एवढंच मागा: साहेब, वर्षभरात विचारलेल्या प्रश्नांची यादी द्या, आणि मिळालेली उत्तरंही. नाही दिली, तर विधिमंडळाचं कामकाज संकेतस्थळावर बघायला मिळतं. गावातल्या एखाद्या पोराला बसवा आणि काढायला लावा.

 आता तुमचे प्रश्न घेऊ.