ऑक्सिजनन्यून अर्बुदांसाठी किरणसंवेदक औषधे

कर्करोगाच्या गाठीतील ज्या पेशींना ऑक्सिजन अपुरा मिळतो, त्या किरणोपचाराला सहजी दाद देत नाहीत. अशा पेशी किरणांनी माराव्यात म्हणून किरणोपचाराच्या जोडीने दिली जाणारी औषधे. डोके-मान आणि गर्भाशयमुख यांच्या कर्करोगांत त्यांचा सर्वाधिक अभ्यास झाला आहे. गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील अशा एका आंतरराष्ट्रीय चाचणीत मुंबईचाही सहभाग होता.

कार्यतत्त्व : क्ष-किरण किंवा गॅमा किरण पेशीत शिरले की मुक्त मूलके तयार होतात आणि डीएनएला इजा होते. ऑक्सिजन हजर असेल तर इजा झालेल्या जागी त्याचा संयोग होऊन ती इजा पक्की होते. तो नसेल तर ग्लुटाथायोनसारखी गंधकयुक्त संयुगे ती क्षणार्धात दुरुस्त करतात. त्यामुळे ऑक्सिजनरहित पेशी मारण्यास सुमारे २.५ ते ३ पट किरणमात्रा लागते. गाठ वाढते त्या वेगाने तिच्यातील रक्तवाहिन्या वाढत नाहीत. केशवाहिनीपासून साधारण ०.१५ मिमी. पलीकडे ऑक्सिजन पोचेनासा होतो. त्याहून दूरच्या पेशी मरतात. मात्र या सीमेवर तग धरून राहिलेल्या पेशींपासून रोग उलटू शकतो.

इतिहास : रेडियमचे उपकरण त्वचेवर दाबून धरले, म्हणजेच तेथील रक्तप्रवाह कमी केला, तर किरणांचा परिणाम मंदावतो, असे गॉटवाल्ड श्वार्ट्स यांनी १९०९ मध्ये नोंदवले. ब्रिटनमध्ये एल. एच. ग्रे व सहकाऱ्यांनी १९५३ मध्ये ऑक्सिजनचे महत्त्व प्रयोगांनी दाखवले. १९५५ मध्ये टॉमलिन्सन व ग्रे यांनी फुप्फुसाच्या कर्करोगाचे छेद तपासून ऑक्सिजन किती अंतर झिरपतो याचे गणित मांडले. सुरुवातीला रुग्णाला उच्च दाबाखाली ऑक्सिजन देऊन किरणोपचार करण्यात आले. पण ती पद्धत फार अवघड होती. मग ऑक्सिजनचे काम करू शकणाऱ्या रसायनांचा शोध सुरू झाला.

नायट्रोइमिडॅझोल औषधे : ही संयुगे ऑक्सिजनप्रमाणे इलेक्ट्रॉन ओढून घेतात, पण पेशी ती ऑक्सिजनइतक्या झपाट्याने खर्ची घालत नाहीत. म्हणून ती गाठीत अधिक खोलवर जातात. अमीबाजन्य आमांशावरील परिचित औषध मेट्रोनिडॅझोल याच कुळातले. कॅनडात मेंदूच्या अर्बुदावर त्याची चाचणी झाली व १९७६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. त्यानंतरचे मिसोनिडॅझोल अधिक प्रभावी होते. पण त्याने हातापायांच्या नसांना इजा होत असल्याने पुरेशी मात्रा देता येईना. डेन्मार्कने सौम्य निमोरॅझोल निवडले. तेथील डोके-मानेच्या कर्करोगावरील ‘डाहांका ५’ या चाचणीत (४२२ रुग्ण, निष्कर्ष १९९८) पाच वर्षांनी स्थानिक रोगनियंत्रण निमोरॅझोल गटात ४९ टक्के, तर केवळ किरणोपचार घेतलेल्यांत ३३ टक्के आढळले. डेन्मार्कमध्ये ते नेहमीच्या उपचारांचा भाग झाले, इतरत्र मात्र फारसे रुजले नाही. डोके-मानेच्या कर्करोगावरील ३२ चाचण्या व ४,८०५ रुग्ण यांच्या एकत्रित विश्लेषणात (२०११) ऑक्सिजनन्यूनतेवर उपाय केल्याने रोगनियंत्रण सुधारते असे दिसले. याउलट ब्रिटनच्या ‘निमरॅड’ चाचणीत (३३८ रुग्ण) निमोरॅझोलचा लाभ दिसला नाही.

मुंबईतील काम : सॅनॅझोल (एके-२१२३) हे जपानमध्ये विकसित झालेले नायट्रोट्रायॅझोल. गर्भाशयमुखाच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगावर त्याची बहुकेंद्री चाचणी आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेने घेतली. मुंबईच्या नानावटी रुग्णालयातील किरणोपचारतज्ज्ञ नागराज हुईलगोळ हे तिचे एक सहलेखक होते. २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार स्थानिक नियंत्रण सॅनॅझोलसह ६१ टक्के, तर त्याविना ४६ टक्के होते. परंतु तोवर किरणोपचाराला सिस्प्लॅटिन या रसायनोपचारातील औषधाची जोड देण्याची पद्धत सर्वत्र पसरली होती. परळच्या टाटा स्मारक रुग्णालयाने ८५० स्त्रियांवर घेतलेल्या चाचणीत (२०१८) टप्पा ३-ब मध्ये पाच वर्षे रोगमुक्त राहणाऱ्यांचे प्रमाण सिस्प्लॅटिनमुळे ४३.८ वरून ५२.३ टक्क्यांवर गेले. सिस्प्लॅटिनही किरणसंवेदक आहे, पण ते खास ऑक्सिजनन्यून पेशींसाठी नाही. ज्यांना सिस्प्लॅटिन झेपत नाही अशा डोके-मानेच्या रुग्णांत डोसेटॅक्सेलचा उपयोग होतो, हेही टाटा रुग्णालयाच्याच चाचणीने २०२३ मध्ये दाखवले.

व्यवहारातील अडचणी : निमोरॅझोलच्या गोळ्या किरणांच्या सुमारे दीड तास आधी घ्याव्या लागतात, मळमळ व उलटी हा त्यांचा मुख्य त्रास. किरणोपचार आठवड्यातून पाच दिवस, सहा-सात आठवडे चालतो. उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून लोकलने परळला जाणाऱ्या रुग्णाचा दीड तासाच्या आसपासचा वेळ प्रवासातच जातो. त्यामुळे गोळ्या घरी घ्यायच्या की रुग्णालयात, हे यंत्रावरील वेळ पाहूनच ठरवावे लागेल; रांग लांबली तर रक्तातील औषधाची पातळी उतरू लागते. दुसरी अडचण रक्तक्षयाची. रक्तच कमी ऑक्सिजन वाहून नेत असेल तर गाठीची उपासमार वाढते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९–२१) नुसार भारतातील १५ ते ४९ वयोगटातील निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आहे. मात्र रक्त वाढवण्यासाठी एरिथ्रोपोएटिन देण्याचा प्रयोग उलटला. डोके-मानेच्या रुग्णांत त्याने रोगनियंत्रण घटले (२००३). धूम्रपानामुळे रक्तात मिसळणारा कार्बन मोनॉक्साइडही ऑक्सिजनची जागा अडवतो. म्हणून उपचारकाळात विडी-सिगारेट सोडणे हा या समस्येवरचा बिनखर्चाचा उपाय ठरतो.

सद्यःस्थिती : सर्वच गाठी ऑक्सिजनन्यून नसतात, ज्या नाहीत त्यांना या औषधांनी फायदा होण्याचे कारण नाही. रुग्ण न निवडता घेतलेल्या चाचण्यांत लाभ पुसट दिसण्याचे हे एक कारण मानले जाते. ऑक्सिजनन्यून गाठी ओळखण्यासाठी फ्लुओरोमिसोनिडॅझोल वापरून केलेले पेट स्कॅन आणि गाठीतील जनुकांची छाप या दोन कसोट्या पुढे आल्या आहेत. पण ‘निमरॅड’मध्ये जनुकीय छापेनुसार ऑक्सिजनन्यून ठरलेल्या गाठींतही औषधाचा लाभ न दिसल्याने, नेमकी कोणती कसोटी विश्वासार्ह, हा प्रश्न अजून सुटलेला नाही.