नऊ खणांचे चार वाटे

आमचं शिवाजी पेठेतलं घर किती चौरस फुटांचं होतं, हे घरात कुणालाच सांगता यायचं नाही. विचारलं की उत्तर यायचं, "नऊ खणांचं." गिऱ्हाईक आल्यावर पहिल्यांदा टेप लागली आणि कळलं, बांधकाम साधारण चौदाशे फूट भरतंय.

खण म्हणजे दोन तुळयांमधली जागा. जुन्या घराचं माप लाकूड ठरवायचं. सागवानाची तुळई जितकी लांब मिळेल तितकी खोलीची रुंदी, आणि तुळया जितक्या जास्त तितके खण. त्यामुळे ऐपत सांगायची तीच भाषा होती. तीन खणी घर म्हणजे बेताचं, पाच खणी म्हणजे बरं, आणि चौकाचा वाडा असला तर मग विचारायलाच नको. रस्त्याकडून आत शिरलं की सोपा, मग माजघर, त्यामागं स्वयंपाकघर आणि शेवटी परसू. भिंती पांढऱ्या मातीच्या, हातभर जाडीच्या. वर कौलं.

ही कौलंही तशी नवीच म्हणायची. बासेल मिशननं मंगळूरला कौलांचा कारखाना काढला 1865 साली. कोल्हापूरला रेल्वे आली 1891 मध्ये, संस्थानच्या पैशानं. त्यानंतरच्या काळात कुंभाराच्या नळीच्या कौलांची जागा या चपट्या, एकसारख्या मंगळुरी कौलांनी घेतली. ज्याला आपण 'पारंपरिक' म्हणून फोटोत टाकतो ते छप्पर पुष्कळदा कारखान्यातून आलेलं असतं.

आता चौदाशे फूट ऐकून मोठा वाडा डोळ्यांसमोर आणू नका. माझे वडील शाळेत होते तेव्हा त्या नऊ खणांत चौदा माणसं राहायची. म्हणजे माणशी शंभर फूट. आम्ही आता राजारामपुरीत साडेचारशे फुटांच्या फ्लॅटमध्ये चौघं राहतो, म्हणजे माणशी एकशे बारा. हिशेबानं आमची जागा वाढली! तरी बघायला येणारा प्रत्येक जण म्हणतो, "केवढ्यात आलासा रे!"

असं का वाटतं, याचा मी बराच विचार केला. जुनं घर त्याच्या भिंतींपाशी संपत नव्हतं. धुणं पंचगंगेच्या घाटावर नाहीतर रंकाळ्यावर. पिण्याच्या पाण्याला सार्वजनिक हौद आणि नळ. मंगळवार पेठेतल्या एका भागाला अजून 'पाण्याचा खजिना' म्हणतात ते उगाच नाही. आणि तरणी पोरं? ती रात्री तालमीत झोपायची. शाहू महाराजांनी कुस्तीला राजाश्रय दिला, 1912 मध्ये खासबागेचं मैदान उभं राहिलं, पेठेपेठेत तालमी फोफावल्या, हा इतिहास आपण पैलवानांच्या बाजूनं ऐकतो. घराच्या बाजूनं पाहिलं तर तालीम म्हणजे सगळ्या पेठेची जादाची खोली होती. वडील आणि माझे दोन्ही चुलते जेवून, वळकटी काखेत मारून तालमीत जायचे आणि सकाळी चहाला घरी यायचे. तिघांची अंथरुणं घरात पडत नव्हती म्हणून माजघरात आत्याला अभ्यासाला कोपरा मिळायचा.

बोर्डिंगांचंही तसंच. 1901 मध्ये व्हिक्टोरिया मराठा बोर्डिंग सुरू झालं आणि पुढं जातीजातींची वसतिगृहं निघाली, म्हणून कोल्हापूरला वसतिगृहांची जननी म्हणतात. खेड्यातल्या पोराला शिकायचं तर शहरात नातेवाइकाच्या सोप्यावर पथारी टाकावी लागायची. बोर्डिंगांनी ती पथारी उचलली. शहराच्या घरांवरचा भार त्यानं किती हलका झाला असेल, हे कुणी मोजलं नाही, पण मोजायला हवं होतं.

आता धुणं मशीनमध्ये, पाणी टाकीत, व्यायाम बाल्कनीतल्या मॅटवर आणि झोप प्रत्येकाची आपापल्या गादीवर. बाहेर असलेलं सगळं आपण आत ओढून घेतलं आणि मग जागा कमी पडते म्हणून रडतो.

वाडे पडले कशामुळे, याचं एक ठरलेलं उत्तर आहे: एकत्र कुटुंब मोडलं. मला ते अर्धवट वाटतं. 1901 मध्ये शहराची वस्ती चोपन्न हजारांच्या आसपास होती. 2011 च्या जनगणनेत ती 5,49,236 झाली. 1972 मध्ये महापालिका झाली, पण त्यानंतर कितीतरी दशकं हद्द जवळपास होती तिथंच राहिली आणि हद्दवाढीच्या बाजूनं नि विरोधात मोर्चे निघत राहिले. माणसं दसपट झाल्यावर जागेचा भाव वर आणि घर उंच जाणारच. त्यात संस्थान 1 मार्च 1949 ला मुंबई प्रांतात विलीन झालं आणि मुंबईच्या वळणाचा भाडेकायदा आला. भाडं जुन्या आकड्यावर थांबलं. आमच्या मागच्या दोन खणांत एक भाडेकरू होते. त्यांच्या महिन्याच्या भाड्यात पावसाळ्याआधी फुटकी कौलंही बदलून होत नव्हती. मालक दुरुस्ती करेना, भाडेकरू जाईना, आणि लाकडाला वाळवी कुणाचीच नाही. 31 मार्च 2000 पासून नवा कायदा लागू झाला, त्यात वर्षाला चार टक्के भाडेवाढीची सोय आली. पण चार टक्के कशाचे? बारा रुपयांचे.

इरावती कर्व्यांनी 1953 च्या 'किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया' या पुस्तकात एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या आहेत: एक छप्पर, एक चूल, सामाईक मालमत्ता आणि सामाईक देवपूजा. आमच्या घरात त्या एकदम पुसल्या नाहीत. आधी चूल गेली. थोरल्या काकीनं 1987 मध्ये मधल्या खणात स्टोव्ह मांडला, मग धाकट्या काकीनं. छप्पर एकच, देव्हारा एकच. आजोबांनी तोंडानं सांगितलं, तीन पोरगे, तीन-तीन खण. नऊला तीननं भाग जातो, त्यामुळे कुणाला कागदाची गरज वाटली नाही. आजोबा 1998 मध्ये गेले. प्रॉपर्टी कार्डावर नाव त्यांचंच राहिलं, वीसेक वर्षं.

आजी 2016 मध्ये गेली आणि 2019 चा पावसाळा आला. पंचगंगेची धोक्याची पातळी राजाराम बंधाऱ्यावर 43 फूट. त्या वर्षी पाणी 55 फुटांच्या वर गेलं. आमच्या गल्लीत पूर आला नाही, पण आठवडाभराच्या धारेनं मागली भिंत फुगली. गवंडी आला, भिंतीवर थाप मारली आणि म्हणाला, "हिला हात लावला तर दुसरी येईल." विकायचं तिथंच ठरलं.

मग वकिलांनी विचारलं, वारस किती? काका म्हणाले, तीन. वकील म्हणाले, "मुली?"

इथं जरा कायदा सांगतो, कारण वाचणाऱ्यांपैकी निम्म्या जणींना तो लागू आहे. 1956 च्या हिंदू वारसा कायद्यात वडिलोपार्जित मिळकतीत जन्मानं हक्क मुलग्यालाच होता. मुलीला वडिलांच्या हिश्श्यातला तुकडा. महाराष्ट्रानं 1994 मध्ये दुरुस्ती करून मुलींना जन्मसिद्ध हक्क दिला, पण 22 जूनच्या आधी लग्न झालेल्या वगळल्या. आत्याचं लग्न 1991 चं. तीन वर्षांनी हुकली. 9 सप्टेंबर 2005 ला केंद्राचा कायदा आला, त्यात लग्नाची अट नव्हती. त्या दिवशी वडील हयात हवेत का, हा वाद मात्र चालू राहिला. सर्वोच्च न्यायालयानं 11 ऑगस्ट 2020 ला तो मिटवला: हयात असण्याची गरज नाही, हक्क जन्मानं आहे. 20 डिसेंबर 2004 च्या आधी झालेल्या वाटण्या उघडत नाहीत, पण त्या नोंदणीकृत किंवा कोर्टातून झालेल्या हव्यात. तोंडी वाटणीवर सहसा भागत नाही. आणि आमची वाटणी तीन स्टोव्हांपलीकडे कुठंच लिहिलेली नव्हती.

काकांनी नेहमीचा मार्ग काढला: आत्यानं हक्कसोडपत्रावर सही करावी, आपण तिला चांगली पैठणी करू. या एका कागदानं महाराष्ट्रात किती बहिणींची नावं कार्डावरून उतरली असतील! वर माहेर तुटण्याची भीती असतेच. आत्या शांतपणे म्हणाली, "दादा, तीस वर्षं दिवाळीला खण-नारळानं ओटी भरून घेतली. भावांना घराचे खण आणि मला चोळीचा? आता एवढं नको करूस."

काका दोन महिने बोलले नाहीत. वडील तिच्या बाजूनं होते, पण ती बाजू महाग होती. तीन वाट्यांत आम्हाला दोन खोल्यांचा नवा फ्लॅट बसत होता. चार वाट्यांत 1980 च्या सुमाराचा, बिनलिफ्टचा, तिसऱ्या मजल्यावरचा वन बीएचके. आई रात्रभर आकडेमोड करत बसली आणि सकाळी म्हणाली, "बसवू."

बसवणं म्हणजे काय, ते मग कळलं. तांब्याचा बंब, सहा घागरी, लग्नाच्या पंगतीची पातेली मोडीत गेली. जातं कुणीच घेईना, ते परसातच राहिलं. खांबांना मात्र चांगली किंमत आली. जुनं सागवान हॉटेलवाले शोधत असतात. एक तुळई वडिलांनी विकू दिली नाही. ती चौदा फूट आणि नव्या घराचा हॉल अकरा. जिन्याच्या वळणावरच अडली. सुताराला बोलावून तिथंच कापावी लागली, आणि वडील तेवढा वेळ खाली चहा प्यायला गेले. तिच्या अकरा फुटांचं आता खिडकीखाली बाकडं आहे; खाली कप्प्यांत अंथरुणं. स्वयंपाकघर आणि हॉल यांतली भिंत पाडली, जुन्या फरशीवरच नवी बसवली, आणि छताखालचा पोटमाळा ठेवला. देव्हारा थोरल्या काकांकडे गेला. टाक मात्र भावंडांत वाटले नाहीत; नवरात्राला सगळ्यांनी तिकडं जायचं, असं ठरलं. आत्तापर्यंत दोनदा गेलो. दुसऱ्या वेळी काकांनी आत्याला स्वतः फोन केला होता.

विक्रीआधी वारसनोंद करावी लागली. नवीन प्रॉपर्टी कार्ड आलं तेव्हा खरेदीखताला पंधरा दिवस उरले होते. त्यावर चार नावं होती, चौथं आत्याचं, माहेरच्या आडनावापुढं सासरचं लावून. पंधरा दिवसांनी ते कमी होणारच होतं. तिनं महाद्वार रोडवर जाऊन त्याच्या तीन रंगीत झेरॉक्स काढून आणल्या. एक लॅमिनेट केली.