वेबवरील वाचनातून संगणकाचे ज्ञानार्जन : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

संगणकाला जगाचे ज्ञान कसे द्यावे, हा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या इतिहासातील जुना प्रश्न होय. अमेरिकेत १९८४ मध्ये 'सायक' प्रकल्प हाती घेताना डग्लस लेनट यांचे उत्तर सरळ होते : सामान्य ज्ञानातील एकेक विधान माणसांनी तर्कशास्त्राच्या भाषेत लिहून यंत्राच्या स्वाधीन करावे. हे काम अनेक दशके चालले. यंत्राने स्वतःच वाचून शिकावे, हा दुसरा प्रवाह. त्यात माणूस खरोखर बाजूला झाला काय, हे प्रस्तुत लेखात तपासले आहे.

काही वाक्यरचनाच ज्ञान उघड करतात, हे मार्टी हर्स्ट यांनी १९९२ मध्ये इंग्रजीच्या आधारे दाखविले. मराठीतले उदाहरण घ्यावयाचे तर 'ज्वारी, बाजरी यांसारखी धान्ये' एवढ्यावरून ज्वारी हे धान्य आहे, हे अर्थ न कळताही हेरता येते. सर्गेई ब्रिन यांनी १९९८ मध्ये केवळ पाच पुस्तके व त्यांचे लेखक यंत्रास दिले. या जोड्या वेबपृष्ठांवर ज्या साच्यांत आढळल्या, ते साचे यंत्राने टिपले व त्यांवरून नव्या जोड्या मिळविल्या. पाचांची पंधरा हजारांवर पुस्तके झाली. मात्र मधल्या टप्प्यावर 'कोनन' हेच लेखकनाम लागलेल्या २४२ नोंदी ब्रिन यांना हाताने वगळाव्या लागल्या. यशाच्या कथनात हा तपशील सहसा गळतो.

पिट्सबर्ग येथील कार्नेगी मेलन विद्यापीठात टॉम मिचेल व सहकाऱ्यांनी जानेवारी २०१० मध्ये 'नेल' ही प्रणाली सुरू केली. ती अहोरात्र वाचत राहावी, अशी कल्पना होती. प्रत्येक वर्गासाठी दहा-पंधरा उदाहरणे देण्यात आली. एकच नाव शहर व व्यक्ती दोन्ही असू शकत नाही, यांसारखी बंधनेही घातली गेली. पहिल्या ६७ दिवसांत २,४२,४५३ विधाने जमली. त्यांपैकी अंदाजे ७४ टक्के बरोबर होती. उरलेल्या चुका मात्र वाढणाऱ्या होत्या. संकेतस्थळे संगणकात ठेवतात त्या छोट्या नोंदींनाही 'कुकी' म्हणतात. नेलने 'इंटरनेट कुकी' भट्टीतल्या पदार्थांत घातली. पुढे 'मी कुकी पुसल्या' या वाक्याच्या धर्तीवर 'मी फाइल पुसल्या' हे वाक्य आढळताच संगणकाच्या फाइलही खाद्यपदार्थ ठरल्या! यंत्राच्या दृष्टीने ही तर्कशुद्ध वाटचालच होती. अखेर सहा महिन्यांनंतर संशोधक दर पंधरवड्याला प्रत्येक वर्गावरून पाचेक मिनिटे नजर फिरवू लागले. २०१८ च्या एका शोधनिबंधात नेलच्या संग्रहात सुमारे बारा कोटी विधाने असल्याची नोंद आहे.

त्यानंतर पुढे आलेली विशाल भाषाप्रारूपेही वेबवरील मजकुरातूनच शिकतात, आणि त्यांच्या उत्तरांची प्रतवारी करण्यास माणसे नेमावी लागतात. परंतु नेलमधील विधान कोणत्या पुराव्यावरून आले, हे उघडून पाहता येई व चुकीची नोंद पुसता येई. भाषाप्रारूपात ज्ञान कोट्यवधी अंकांत विखुरलेले असते. तेथे एखादी 'कुकी' नेमकी कोठे बसली आहे, हे बोट ठेवून दाखविणे अद्याप कठीण आहे.